नागपूर परिसरातल्या युद्धकाळातल्या जागा: नोंद कशी करायची?

टेकडीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

'सीताबर्डी किल्ला, १८१७ च्या लढाईची जागा' हे वाक्य दहा ठिकाणी वाचायला मिळतं. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज तिथे भिडले तेव्हा किल्ला नव्हताच. होत्या दोन टेकड्या, त्यांच्यामधली सखल खांड, पश्चिमेला रेसिडेन्सी (इंग्रज वकिलाचं ठाणं) आणि पायथ्याच्या बाजारातली दगडी घरं. तटबंदी इंग्रजांनी लढाई जिंकल्यावर बांधली. आज आपण लढाईची खूण म्हणून जे दाखवतो ते लढाईनंतरचं आहे, आणि ज्या जमिनीवर माणसं पडली ती रस्ते, रूळ आणि दुकानांखाली गेली आहे.

म्हणून हा धागा. शहरात आणि भोवतालच्या तालुक्यांत लढाईशी किंवा संरक्षणाशी जोडलेल्या जेवढ्या जागा उरल्या आहेत, त्यांची एकसारख्या तक्त्यात नोंद व्हावी. १८१७ च्या टेकड्या, १६ डिसेंबरच्या लढाईची सक्करदऱ्याकडची बाजू, त्यानंतर ३० डिसेंबरपर्यंत अरबांनी धरून ठेवलेलं शहर आणि जुम्मा दरवाजा (आताचं गांधी गेट), पेंढाऱ्यांच्या धाडींच्या काळातल्या गावगढ्या, १८२१ पासूनची कामठीची छावणी, दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्ट्या (सोनेगाव, गोंदियाकडे बिरसी), आणि १९६५ व १९७१ च्या ब्लॅकआउटच्या आणि चरांच्या आठवणी. एवढं सगळं एकाच तक्त्यात बसतं, कारण प्रत्येक जागेला विचारायचे प्रश्न तेच आहेत: कुठे, काय, कशाचं, कधीचं, आज कसं, आणि हे कोणी सांगितलं.

तक्त्यात मी एक अट घातली आहे, ती कृपा करून मोडू नका. प्रत्येक विधानापुढे तीनपैकी एक अक्षर लिहायचं. 'पा' म्हणजे पाहिलं, 'ऐ' म्हणजे ऐकलं, 'अं' म्हणजे अंदाज. 'बुरजाची उंची ४.२ मीटर' हे पा. 'इथे तोफ होती' हे ऐ. 'तोफेचं तोंड नदीकडे असावं' हे अं. तिन्ही एका वाक्यात मिसळले की पाच वर्षांनी लिहिणाऱ्यालाही ते सोडवता येत नाहीत.

इंग्रजी वृत्तांतातल्या आकड्यांनाही हाच नियम. त्यांच्याकडची सुमारे १,३०० माणसं आणि सहा पौंडी चार तोफा, समोर १८,००० फौज आणि ३६ तोफा, हे सगळं जिंकलेल्या बाजूने लिहिलेलं आहे. नोंदीत 'इंग्रजी वृत्तांतानुसार' हे शब्द हवेतच.

मोजणीदार

उत्तम धागा. मी जागा आणि मोजमापापुरतं लिहितो.

अक्षांश-रेखांश दशांशात आणि पाच दशांशस्थळांपर्यंत लिहा. पाचवं स्थळ म्हणजे जमिनीवर साधारण एक मीटर. फोन उघड्यावर तीन ते दहा मीटरपर्यंत चुकतो, चिंचेखाली किंवा तटाला लागून उभे राहिलात तर त्याहून जास्त. म्हणून उघड्यावर दोन मिनिटं थांबायचं, पाच वेळा वाचन घ्यायचं आणि सरासरी लिहायची. झाडाखालच्या जागेसाठी बाहेरच्या दोन पक्क्या बिंदूंपासून (विजेचा खांब, विहिरीची कड) टेपने अंतर घ्या. ऑनलाइन नकाशावर नुसता लाल टाचणीचा ठिपका दिला तर तो बुरूज की शेजारचा गोठा, हे कळत नाही.

जुना नकाशा वापरत असाल तर नागपूर आणि कामठी दोन्ही सर्व्हे ऑफ इंडियाच्या ५५ ओ/४ या शीटवर येतात, रामटेक-नगरधन ५५ ओ/७ वर. जुन्या शीटचा पाया (पृथ्वीचा मानलेला आकार) एव्हरेस्टचा आणि फोनचा पाया डब्ल्यूजीएस-८४, त्यामुळे नकाशावरून उचललेला बिंदू फोनवर टाकला की शंभर मीटरहून जास्त सरकतो. वाडा रस्त्याच्या पलीकडे दिसतो तो याच कारणाने. क्यूजीआयएसमध्ये (नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये) नकाशा बसवताना न हललेल्या किमान सहा जागा धरा. रेल्वेचं जुनं फाटक, तलावाची पाळ, देवळाचा कळस चालतो. रस्त्याचा चौक चालत नाही, कारण रुंदीकरणात चौकाचा मध्य सरकतो.

होकायंत्रासाठी नागपूरकरांना एक सोय आहे. इथे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, दुरुस्ती करायची गरज पडत नाही. मात्र सळईच्या काँक्रीटपासून तीन-चार मीटर लांब उभे राहा. स्लॅबवर ठेवून घेतलेली दिशा फुकट जाते.

मातीच्या बांधाचा किंवा बुजलेल्या खंदकाचा छेद घ्यायचा असेल तर महागडं यंत्र नको. गवंड्याकडची नळीची पाणसळ आणा, दहा मीटर पारदर्शक नळी पुरते. बांधाला काटकोनात दोरी ताणा, दर मीटरला खुंटी, प्रत्येक खुंटीवर पाण्याची पातळी. चूक होते ती दोन ठिकाणी. नळीत बुडबुडा राहिला तर पातळी खोटी येते, म्हणून पाणी भरल्यावर नळी टिचक्या मारून उभी धरा. आणि वाचताना एका टोकावर अंगठा राहिला तर पाणी हलतच नाही. एप्रिल-मेमध्ये अर्धी नळी उन्हात आणि अर्धी सावलीत असली तरी फरक पडतो. तसंही आपल्याकडे हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीतलंच. गवत वाळलेलं, बेशरमाची झुडपं विरळ, आणि सकाळी सातच्या तिरप्या उन्हात एरवी डोळ्यांना न दिसणारा अर्ध्या फुटाचा उंचवटाही सावली टाकतो.

निस्तार

जागा शोधायची सुरुवात शेतात करू नका, तहसीलपासून करा.

आपल्या भागात मालगुजारी (गावाचा सारा मालगुजारामार्फत भरायची पद्धत) होती, त्यामुळे इतर महाराष्ट्रात नसलेले दोन कागद आपल्याला मिळतात: निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढी-हक्कांची नोंद). गावाची सामाईक जमीन कोणत्या कामाला होती ते निस्तार पत्रकात सर्व्हे नंबरासह असतं. पडाव, गुरं बसायची जागा, मसणवट, गढीची पडीक. 'पडाव' लिहिलेला नंबर जुन्या लष्करी वाटेवर असेल तर बारकाईने पाहा. फौजेच्या मुक्कामाला पाणी, चारा आणि मोकळी जमीन लागायची, आणि तीच जागा पुढे बाजाराची किंवा शाळेची होते.

सातबारा आजचा मालक सांगतो, इतिहास सांगत नाही. गाव नकाशा आणि टिप्पण (मोजणीचं रेखाटन) मागा. गढीचा नंबर नकाशात बहुधा गोल किंवा चौकोनी आणि चहूकडून वाटेने वेढलेला दिसतो, कारण तटाच्या कडेकडेने वाट पडते. शहरात नगर भूमापनाची आखीव पत्रिका आणि नझूलची (शहरातल्या सरकारी जमिनीची) नोंद बघा. कामठी छावणीच्या हद्दीत सातबारा नसतो, तिथे जनरल लँड रजिस्टर असतं.

ओसाड गावांच्या 'रिठी' सोडू नका. माणसं उठून गेल्यामुळे तिथली गढी घरबांधणीत मोडली गेलेली नसते.

अनुजा_सदर

प्रश्न आहे. गावाची आणि वस्त्यांची नावं कितपत धरायची? लष्करीबाग, छावणी, गोळीबार चौक, चांदमारी, तोफखाना... यांवरून थेट यादी करता येईल का?

टेकडीकर

अनुजाताई, नाव म्हणजे दार ठोठावायचं कारण. पुरावा नव्हे.

'चांदमारी' त्यातल्या त्यात भरवशाचं, कारण तो नेमबाजीच्या मैदानाचाच शब्द. तिथे मागे उंच मातीचा बांध किंवा टेकडीचा उतार असायला हवा आणि त्यात शिशाचे तुकडे. बांध सापडला तर पा, नाही तर ऐ. 'गोळीबार' मात्र दोन अर्थांचा. सराव असेल किंवा जमावावर झालेला गोळीबार असेल. कोणता, हे नाव सांगत नाही. 'लाईन' म्हणजे पलटणीची बराक असते तशीच रेल्वेच्या खलाशांची चाळही असते. 'पागा' घोड्यांची, पण सरदाराच्या खासगी घोड्यांचीही.

कामठीचं उदाहरण घ्या. 'कॅम्प-टी' वरून कामठी असं पुष्कळजण सांगतात. ही लोककथा म्हणून तक्त्यात जरूर लिहा, ऐ लावून. व्युत्पत्तीच्या रकान्यात लिहू नका.

नाव पहिल्यांदा कोणत्या कागदात दिसतं ते शोधणं हीच खरी कसोटी. १९०८ च्या नागपूर जिल्हा गॅझेटियरात नाव असेल तर ते निदान त्याच्या आधीचं. नुसत्या मतदार यादीत असेल तर फार काही सिद्ध होत नाही.

बुरूजवाला

गढ्यांबद्दल लिहितो, कारण सगळ्यात वेगाने नाहीशी होणारी गोष्ट तीच आहे.

गढीची माती म्हणजे पांढरी. ती चांगली चिकट, लिंपायला उत्तम आणि शेतात टाकायलाही लोक नेतात. त्यामुळे गढी वरून पडत नाही, पायथ्याने पोखरली जाते. नोंद करताना आजची पोखरण मोजा: कुठून माती काढली, किती आत, ताजी कुदळ लागल्याच्या खुणा आहेत का. पुढच्या वर्षी त्याच बिंदूवरून फोटो घेतला की वेग कळतो.

बुरुजावर तीन गोष्टी बारकाईने मोजायच्या. तटाची जाडी पायथ्याला आणि माथ्याला वेगवेगळी, कारण तट आत झुकतो. फांजीची (तटावरच्या चालायच्या वाटेची) रुंदी, म्हणजे दोन माणसं एकमेकांना ओलांडून जाऊ शकत होती का ते कळतं. आणि जंग्या, म्हणजे बंदूक रोखायची भोकं.

जंगी बाहेरून अरुंद आणि आतून रुंद असते. दोन्ही तोंडं मोजा, मधली खोली मोजा, तळाचा उतार मोजा. मग आत गुडघ्यावर बसून जंगीतून होकायंत्राची दिशा घ्या. प्रत्येक जंगीची दिशा नकाशावर रेघ म्हणून काढली की रेघा एकमेकींना छेदतात. ज्या जमिनीवर सगळ्यात जास्त रेघा एकवटतात तीच गढीवाल्याला राखायची होती. बहुतेक वेळा ती विहीर असते किंवा दरवाजासमोरचा पट्टा. विहीर आज बुजलेली असली तरी रेघा तिचा पत्ता देतात. आठ जंग्या मोजायला दोन तास लागतात, आणि एवढी माहिती दुसऱ्या कशातून मिळत नाही.

गोल बुरूज दिसला की गढी, असंही नाही. चुन्याची भट्टीही गोल आणि जाड असते. आतल्या बाजूचे दगड भाजून लाल किंवा काचेसारखे झालेले असतील आणि खाली हवेचं तोंड असेल तर ती भट्टी.

खापरीचा_गणेश

भाऊ, येक गोष्ट राहून गेली, तेवढी जोडा. जुन्या बुरजाले आग्यामोहोळ असतेच असते. दुपारी बाराच्या उन्हात, अत्तर लावून, सिगारेट पेटवून जाऊ नोका. पयले दुरून पाहा, वरच्या जंग्यात काळं काही लोंबते काय. लोंबत असन तर त्या बाजूची नोंद दुरूनच करा अन् तक्त्यात तसं लिहा. अन् गढीच्या आतल्या पडक्या विहिरीवर गवत वाढून झाकण झालेलं असते. पाय टाकाच्या आधी काठीनं टोचून पाहा.

सिमेंटवाळू

बांधकामावरून काळ ठरवण्याबद्दल. नुसता फोटो बघून 'ब्रिटिशकालीन' असा शिक्का मारू नका.

दगड: सीताबर्डीची टेकडी आणि शहराचा पश्चिम भाग बेसाल्टचा, काळा दगड. कामठीच्या बाजूला वालुकाश्म मिळतो. काळ्या दगडाच्या भिंतीत पिवळसर वालुकाश्माच्या चौकटी असतील तर चौकटीचा दगड दुरून आणला आहे. खर्च करण्याची ऐपत होती एवढं त्यावरून म्हणता येतं.

विटा: पातळ लाखोरी विटा जुन्या. नऊ बाय साडेचार बाय तीन इंचाची वीट इंग्रजी अमलातली, पण ती नंतरही दीर्घकाळ वापरात होती. १९ बाय ९ बाय ९ सेंटीमीटर म्हणजे मेट्रिक मापं आल्यानंतरची. एक वीट मोजू नका, सलग दहा विटा सांध्यांसकट मोजून दहाने भागा.

चुना की सिमेंट: लिंबू पिळून फेस आला तर चुना, असं सांगतात. तो कस पक्का नाही. जुनं सिमेंटही हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि फसफसतं. किल्लीने ओरखडा काढून बघा. चुन्याचा सांधा मऊ, पांढुरका, आत न विरघळलेल्या चुन्याच्या तांदळाएवढ्या गाठी आणि विटांच्या सुरखीचे लाल कण. सिमेंटचा करडा, आणि किल्लीच घासते. ओरखडा नखाएवढाच, आणि संरक्षित वास्तूवर तोही नाही.

सळई: स्लॅब फुटून सळई उघडी पडली असेल तर तो मोठा ठेवा समजा. गुळगुळीत गोल सळई असेल तर बहुधा १९६० च्या दशकाआधीची. पीळ दिलेली सळई १९६० च्या दशकापासून पुढे. महायुद्धातला 'बंकर' म्हणून दाखवलेल्या खोलीत पिळाची सळई निघाली तर तिथेच थांबा. निदान तो स्लॅब तरी महायुद्धातला नाही.

आपल्या भागातली सगळ्यात मोठी फसगत बारूद कोठीची. मनसर, कांद्रीकडच्या मँगनीजच्या आणि इतरत्र कोळशाच्या खाणींनी स्फोटकं ठेवायला जाड भिंतीच्या, चहूकडून मातीचा बांध घातलेल्या एकट्या खोल्या बांधल्या. त्या हुबेहूब लष्करी दारूगोळ्याच्या कोठीसारख्या दिसतात. वीजरोधकाची पट्टी असते, तारेचं कुंपण असतं, बंदूक रोखायला जागा कुठेच नसते, आणि खाण हाकेच्या अंतरावर असते.

तोफगोळ्यांचंही तसंच. सहा पौंडी लोखंडी गोळ्याचा व्यास सुमारे ९ सेंटीमीटर आणि वजन पावणेतीन किलोच्या जवळ. पण सिमेंट आणि खनिज दळण्याच्या बॉल मिलमधले गोळेही घरोघर पोचले आहेत. ओतीव तोफगोळ्यावर साच्याच्या दोन भागांची शिवण आणि ओतण्याच्या तोंडाची खूण असते. मिलचा गोळा घासून गुळगुळीत, शिवण नाही, आणि एका बाजूला झिजून चपटलेला. व्यास आणि वजन दोन्ही घ्या. एकट्या व्यासावरून काहीच ठरत नाही.

टेकडीकर

सिमेंटवाळू, ही माहिती वरच्या पोस्टमध्ये जोडतो. गोळ्याबरोबर पल्ल्याचा कसही लावता येतो. सहा पौंडी तोफेचा उपयोगी पल्ला हजार यार्डांच्या आतला, आणि त्या वेळच्या बंदुकीचा नेम शंभर यार्डांपलीकडे भरवशाचा नाही. 'या टेकडीवरून त्या वाड्यावर गोळी झाडली' असं ऐकलं की नकाशावर अंतर मोजा. आठशे मीटर निघालं तर गोष्ट खोटी ठरत नाही, पण हत्यार चुकीचं सांगितलं जातंय किंवा टेकडी चुकीची दाखवली जातेय. दोन्ही शक्यता तक्त्यात लिहा आणि परत विचारा.

पद्मा_महाल

माणसांशी बोलण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून, आणि वेळ तिथेच सगळ्यात कमी आहे. १९४२ मध्ये दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदी ओलांडून गेलं आहे. १९७१ ला दहा वर्षांचं असलेलं माणूस अजून गावभर फिरून जागा दाखवू शकतं. आधी पहिल्यांकडे जा.

सन विचारू नका. सन कोणालाच नीट आठवत नाही, आणि आग्रह केला की माणूस तुम्हाला हवा तो आकडा सांगतो. खुणेचं विचारा. 'राजधानी भोपाळला गेली त्याच्या आधी की नंतर?' (१ नोव्हेंबर १९५६.) 'बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा ही भिंत होती का?' (१४ ऑक्टोबर १९५६.) 'तुमचं लग्न झालं होतं? थोरली पोटात होती?' एवढ्यावरून दोन-तीन वर्षांच्या फटीत काळ बसतो.

प्रश्नात उत्तर घालू नका. 'इथे बंकर होता ना आजोबा?' याला आजोबा मान देऊन 'हो' म्हणतात. 'या मैदानात तेव्हा काय काय होतं?' असं विचारा आणि गप्प बसा. ब्लॅकआउटबद्दल वस्तू विचारा: काचांवर काय चिकटवलं होतं, कंदिलाला काय गुंडाळलं, मोटारीच्या दिव्याचा कोणता भाग काळा केला, भोंगा कुठल्या इमारतीवर होता, चर कोणी खणला आणि नंतर कोणी बुजवला. चर बुजवणाऱ्याला जागा खणणाऱ्यापेक्षा जास्त नेमकी माहीत असते, कारण पुढच्या पावसाळ्यात तिथली माती खचली की पुन्हा भरायला त्यालाच बोलावलेलं असतं.

खोली फुटांत सांगत नाहीत, अंगावर दाखवतात. 'छातीपर्यंत', 'उभं राहिलं की डोकं दिसायचं नाही.' तसंच लिहा आणि कंसात त्या वेळचं वय. दहा वर्षांच्या मुलाची छाती आणि मोठ्या माणसाची छाती यांत पाऊण ते एक फुटाचा फरक पडतो.

बाया-बापड्यांना वेगळं विचारा. पुरुष पलटण, तोफ, अधिकारी सांगतात. पाणी कुठून भरायचो, रात्री चूल कधी विझवायचो, मुलांना कुठे लपवायचो हे बायका सांगतात, आणि चराची जागा त्यातूनच सापडते.

एकाच गावात दोन माणसांकडून, एकमेकांसमोर न बसवता, तीच जागा दाखवून घ्या. दोघांच्या बोटांमधलं अंतर मोजून तक्त्यात 'खात्री' या रकान्यात लिहा. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला परवानगी तोंडी घ्या, आणि नाव छापायचं की नाही ते त्यांनाच ठरवू द्या.

निस्तार

पद्माताईंना दुजोरा. काळ्या मातीत बुजवलेला चर ओळखण्याबद्दल एक: काळी माती पावसाने फुगते, उन्हाने आकसते. भरलेल्या चराची माती मूळ मातीइतकी घट्ट कधीच बसत नाही. पाऊस संपल्यावर त्या पट्ट्यात ओल जास्त दिवस राहते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथलं गवत किंवा गहू आठवडाभर उशिरा पिवळा पडतो. सरळ पट्टा असेल तर पाण्याची नळी किंवा केबल असू शकते. नागमोडी किंवा एल आकाराचा असेल तर चराची शक्यता जास्त, कारण एका टोकाला पडलेल्या बॉम्बचा तडाखा दुसऱ्या टोकाला जाऊ नये म्हणून चर मुद्दाम वाकवून खणत.

अनुजा_सदर

ब्रिटनमध्ये १९९५ ते २००२ या काळात असं मोठं काम झालं होतं ना? त्यांचा तक्ता घ्यायचा का?

मोजणीदार

हो. स्वयंसेवकांनी तिथे सुमारे २०,००० जागा नोंदवल्या. घेण्यासारखं त्यातलं एकच: प्रकारांची ठरलेली शब्दयादी. एकाने 'बंकर', दुसऱ्याने 'मोर्चा', तिसऱ्याने 'कोठी' लिहिलं की शोधताना काहीच जुळत नाही. त्यांचे प्रकार मात्र घेऊ नका. तिथे १९४० मध्ये शत्रू किनाऱ्यावर उतरण्याची भीती होती म्हणून षट्कोनी पिलबॉक्स (बंदूक रोखायच्या काँक्रीटच्या खोल्या) गावोगावी बांधले. नागपूर देशाच्या मध्यात. इथे महायुद्धातलं शोधायचं ते धावपट्टीच्या आसपास आणि डेपोंमध्ये: विमानं विखरून ठेवायच्या फरसबंद जागा, यू आकाराचे मातीचे बांध, स्फोटाचा धक्का अडवणाऱ्या दाराबाहेरच्या भिंती. शेतात षट्कोनी खोली दिसली तर आधी पंपहाउस आहे का बघा.

आणि नागपुरात १९५७ मध्ये आपत्कालीन मदतीचं प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था सुरू झाली, तीच पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली, हेही लक्षात ठेवा. सरावासाठी खणलेला चर आणि युद्धात खणलेला चर वरून सारखेच दिसतात.

वकील_बुटीबोरी

कायद्याचं थोडक्यात. सीताबर्डीचा किल्ला, कामठीची छावणी, सोनेगावचा हवाई दलाचा भाग या चालू लष्करी जागा आहेत. बाहेरून भिंतीचा फोटो काढणंही तिथे अंगाशी येऊ शकतं. १९२३ चा शासकीय गोपनीयता कायदा लागू आहे. किल्ला १५ ऑगस्ट, २६ जानेवारी अशा मोजक्या दिवशी लोकांना उघडतात, तेव्हाही कॅमेरा काढण्यापूर्वी तिथल्या जवानाला विचारा. या जागांची नोंद फक्त छापील साहित्यातून करा आणि तक्त्यात तसं लिहा.

ड्रोन: २०२१ च्या नियमांनुसार आकाशाचे हिरवे, पिवळे, लाल असे भाग आहेत. विमानतळामुळे नागपूरचा मोठा भाग हिरव्यात येत नाही. उडवण्याच्या दिवशी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा बघा, आदल्या महिन्याचा नव्हे.

खणणं पूर्ण बंद. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची जुनी वस्तू सापडली तर १८७८ च्या कायद्याने ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. केंद्र संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित, हे गावकऱ्यांना समजावून सांगा. 'नोंद झाली की घर बांधू देणार नाहीत' या भीतीने माणसं माहिती दडवतात. आपल्या तक्त्यात नाव आल्याने वास्तू संरक्षित होत नाही.

न फुटलेला गोळा, शेल, फ्यूजसारखं काहीही दिसलं तर हात लावू नका, खूण म्हणून काठीही रोवू नका. आलेल्या वाटेनेच मागे या आणि ११२ ला फोन करा.

बुरूजवाला

एक मतभेद नोंदवतो. अक्षांश-रेखांश सगळ्यांसाठी उघडे ठेवायला माझा विरोध आहे. आपल्याकडे गढी म्हटलं की गुप्तधन. ठिकाण नेटवर आलं की महिन्याभरात तिथे खड्डे पडतात. सार्वजनिक यादीत फक्त गाव आणि तालुका द्या, पाच दशांश आतल्या प्रतीत ठेवा.

गावात जातानाही हेच भान ठेवा. अनोळखी माणसं टेप घेऊन गढीवर चढली की पहिला संशय गुप्तधनाचाच. आधी सरपंच आणि पोलीस पाटलांना भेटा, कामाचं पत्र द्या, गावातलं एक पोरगं बरोबर घ्या. कुदळ, फावडं, सळई काहीही गाडीत नको. अमावास्येला तर जाऊच नका.

टेकडीकर

मान्य. शहरातल्या सर्वज्ञात जागा पूर्ण ठिकाणासह, बाकी सगळं गावापर्यंत.

फोटोंचं राहिलं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, आकार घटतो आणि वेळ-ठिकाणाची माहिती पुसली जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. एक मीटरचा पीव्हीसी पाइप घेऊन दर २० सेंटीमीटरला काळा-पांढरा रंग द्या, तो प्रत्येक चौकटीत हवा. आधी लांबून चारही दिशांनी, मग जवळून. त्रिमिती प्रतिकृती करायची असेल तर लागोपाठच्या फोटोंत दोन तृतीयांश भाग सामाईक ठेवा आणि ढगाळ दिवस निवडा. कडक उन्हात सावली सरकते आणि मेशरूमला (फोटोंवरून प्रतिकृती करणाऱ्या सॉफ्टवेअरला) तीच भिंत दोन वेगळ्या भिंती वाटतात.

शहरातल्या खोदकामांवरही लक्ष ठेवूया. कस्तुरचंद पार्कात खोदताना जुन्या तोफा निघाल्या होत्या. अशा वेळी तोफ उचलण्याआधीच्या पंधरा मिनिटांत चार गोष्टी मिळवायच्या: जमिनीपासूनची खोली, तोंडाची दिशा, खाली आणि वर कोणत्या रंगाची माती, तोफ आडवी ठेवलेली की टाकून दिलेली. एकदा क्रेन लागली की हे परत मिळत नाही. जवळ राहणाऱ्याने थेट आत न शिरता तिथल्या अभियंत्याला विनंती करून फोटो मागावेत.

तक्ता कसा भरायचा याचा नमुना देतो. जागा कल्पित आहे.

'क्रमांक ००७. प्रकार: गावगढी, मातीची, दगडी पायाची. बुरूज ४ पैकी २ उभे (पा). ईशान्य बुरूज: उंची ४.२ मी., पायथ्याला घेर १९ मी. (पा). तटात आणि बुरुजांत मिळून जंग्या ५, पैकी २ बुजवलेल्या. उरलेल्या तिन्हींच्या दिशा ४०, ६५, ९० अंश (पा). तिन्ही रेघा आजच्या समाजमंदिरापाशी एकवटतात (पा). तिथे विहीर होती, बुजवली, दोघांनी स्वतंत्रपणे सांगितलं, दाखवलेल्या जागांत अंतर ६ मी. (ऐ). पेंढाऱ्यांच्या भीतीने बांधली (ऐ, एकाच घरातून). दरवाजा पूर्वेला असावा (अं, वाट त्या बाजूने आत वळते). दक्षिण पायथ्याशी ताजी पोखरण, लांबी ३ मी., आत ०.८ मी. (पा). पुन्हा भेट: पावसाळ्यानंतर.'

पद्मा_महाल

'एकाच घरातून' हे लिहिलंत ते फार बरं केलंत. तो रकाना वेगळाच करा, 'किती घरांतून ऐकलं' असा. भावकीतल्या चार जणांनी सांगितलेली गोष्ट चार वेळा ऐकली तरी ती एकच असते.

टेकडीकर

केला. रकाना १४. सुधारलेला तक्ता आज रात्री वरच्या पोस्टमध्ये टाकतो. रामटेक, मौदा आणि उमरेड तालुक्यांतली गावं घ्यायला कोण तयार आहे, ते खाली लिहा. एका जोडीने एका दिवसात दोनच गढ्या घ्याव्यात, तिसरीची मापं घाईत चुकतात.